फवारणी करूनही द्राक्षावरचा रोग हटत नाही? आधी बुरशी कोणत्या कुळातली ते ओळखा

ऑक्टोबर छाटणीला महिना-सव्वा महिना झाला आणि मध्येच दोन दिवस ढगाळ गेले की निफाड-दिंडोरीकडून, तासगावकडून एकच तक्रार यायला लागते: "फवारणीवर फवारणी चालू आहे, पण पानावरचं पांढरं काही हटत नाही." औषध बोगस निघालं, असं बहुतेकांनी तोवर ठरवूनही टाकलेलं असतं. मग दुसरी बाटली येते, आधीच्यापेक्षा महागाची, आणि आठवड्याभराने पुन्हा तीच तक्रार.

औषधाला बुरशी दाद देत नाही अशी प्रकरणं असतात, त्यांच्याकडे पुढे येतोच. पण माझ्याकडे तपासायला येणाऱ्या पानांत बहुतेक वेळा भानगड वेगळी निघते. औषध चांगलं असतं, मात्रा बरोबर असते, फक्त ज्या रोगासाठी ते मारलं तो रोग त्या पानावर नसतो. गंधकाने डाऊनी (डाऊनी मिल्ड्यू, म्हणजे केवडा) जात नाही. मॅन्कोझेब या बुरशीनाशकाने भुरी (पावडरी मिल्ड्यू) जात नाही. बॅक्टेरियाच्या ठिपक्यांवर हेक्झाकोनॅझोल हे बुरशीनाशक मारून उपयोग नाही. औषध रोगाच्या नावावर चालत नाही, ते त्या जिवाच्या शरीररचनेवर चालतं. म्हणून बाटली उघडण्याआधी तो जीव कोणत्या कुळातला आहे हे कळायला हवं, आणि ते बागेतच बऱ्यापैकी कळू शकतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक झिपलॉकची पिशवी आणि जमलं तर शाळेत असतो तसा साधा सूक्ष्मदर्शक, एवढं सामान पुरतं.

पान कोणतं तोडायचं

इथेच अर्ध्याहून अधिक तपासण्या फसतात. लोक सगळ्यात जास्त करपलेलं पान आणतात. ते पान तपासायला सगळ्यात निरुपयोगी. मेलेल्या पेशींवर अल्टरनेरिया, क्लॅडोस्पोरियम अशा बुरशी नंतर येऊन बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच भरघोस दिसतात आणि मूळ गुन्हेगार तोवर गेलेला असतो.

नवा, वाढता डाग असलेलं पान घ्या. डागाची कड, म्हणजे जिथे रोगट भाग संपून हिरवा भाग सुरू होतो ती रेषा, नमुन्यात असायलाच हवी. सकाळी दव सुकायच्या आत तोडा, फवारणीच्या आधी तोडा, आणि एकाच वेलीवरची पाच पानं घेण्यापेक्षा वेगवेगळ्या ओळींतली घ्या. फोटो पाठवायचा असेल तर पानाच्या दोन्ही बाजूंचा काढा. वरच्या बाजूच्या एकुलत्या एका फोटोवरून डाऊनी की भुरी हे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

ती बुरशीच आहे ना?

हा प्रश्न वगळून पुढे जाऊ नका. पानावर किंवा घडावर पांढरं दिसलं म्हणजे रोगच असं नाही. मॅन्कोझेब, गंधक, कॅल्शियम यांच्या फवाऱ्याचा थेंब सुकला की गोल कडा असलेला पांढुरका डाग राहतो. ओल्या बोटाने पुसा. तो साफ निघतो, भिंगातून कोरडे कण दिसतात आणि धाग्यांचा मागमूस नसतो.

मिलीबग (पिठ्या ढेकूण) देठाच्या बेचक्यात आणि घडाच्या आत कापसासारखा पुंजका करतो. सुईने उचकटलं तर आत गुलाबीसर किडा हलताना दिसतो. याच मिलीबगच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते आणि मणी काजळी धरल्यासारखे दिसतात. ही काळी बुरशी खरी बुरशीच, पण ती वेलीतून अन्न घेत नाही, त्या साखरेवर जगते. तिच्यावर बुरशीनाशक मारत राहणं म्हणजे पैसे वाया. मिलीबग आणि त्याला पोसणाऱ्या मुंग्या यांचा बंदोबस्त केला की काळी बुरशी वाढायची थांबते.

मण्यावरच्या करड्या-तपकिरी ओरखड्यांचंही तसंच. थ्रिप्सने (फुलकिड्यांनी) खरवडलेल्या मण्यावर खरखरीत चट्टा येतो. भुरी येऊन गेलेल्या मण्यावर बारीक जाळी उमटते आणि असा मणी पुढे फुगताना तडकतो. भिंग लावल्यावर जाळी आणि चट्टा वेगळे कळतात.

डाऊनी आणि भुरी: कुठे पाहायचं

डाऊनीची सुरुवात पानाच्या वरच्या बाजूला तेलाचा थेंब पडल्यासारख्या पिवळसर डागाने होते. पान उजेडाकडे धरलं की तो डाग जास्त स्पष्ट दिसतो. आता पान उलटं करा. बरोबर त्याच डागाच्या खाली, डागाच्या हद्दीतच, पांढरी दाट लव दिसते. ही लव रात्री तयार होते, म्हणून ती पहाटे ताजी, शुभ्र असते आणि दुपारपर्यंत ऊन लागून मळकट होते. जुन्या, निबर पानांवर गोल डाग येत नाहीत. तिथे शिरांनी अडवलेले बारीक कोनाकृती पिवळे-तपकिरी तुकडे दिसतात, आणि अशा पानांवरची डाऊनी हमखास नजरेतून सुटते.

भुरी पानाच्या दोन्ही बाजूंना येते, बहुतेकदा आधी वर. तिला डागाची ठरीव हद्द नसते. राख भुरभुरावी तसा करडा-पांढरा थर असतो, अंगठ्याने पुसला की निघतो आणि खालचं पान हिरवंच असतं, फार तर तपकिरी जाळीसारखी रेघोटी दिसते. डाऊनीची लव पुसली तर खालचा भाग पिवळा किंवा मेलेला असतो. भुरी जास्त झालेल्या बागेत कुबट वास येतो, तो एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. काडी पक्व झाल्यावर तिच्यावर काळपट-तपकिरी चट्टे राहतात, तीही भुरीचीच खूण.

हवामानाचा कल दोघांचा अगदी वेगळा. डाऊनीला पानावर पाणी लागतं. रात्री हवा जवळजवळ पूर्ण दमट, निदान चार तास अंधार आणि १३ अंशांच्या वर तापमान असेल तर लव येते. पुढच्या संसर्गाला पान काही तास ओलं राहावं लागतं. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस लांबला तेव्हा नाशिक भागातल्या बागांत फुलोऱ्यातच घड गेले, ते याच कारणाने. भुरीला मात्र पानावर थेंबभरही पाणी लागत नाही. २० ते २७ अंश तापमान, दाट कॅनोपीतली (वेलीच्या पानांच्या छतातली) सावली आणि कोंदट हवा तिला मानवते. ३५ अंशांच्या वर ती थबकते. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत दिवस कोरडे आणि सुखद असताना, "आता पाऊस नाही, रोगाची भीती नाही" असं म्हणून फवारा सैल सोडला की भुरी मण्यांवर बसते.

घडावर दोन्ही रोगांचा धोका फुलोऱ्यापासून मणी धरल्यानंतरच्या साधारण तीन-चार आठवड्यांपर्यंत सर्वांत जास्त असतो. डाऊनी लागलेला घड फुलोऱ्यात तपकिरी पडतो आणि झडतो. मणी जरा मोठे झाल्यावर लागण झाली तर वरून लव दिसत नाही, मणी निळसर-तपकिरी होऊन सुरकुततो. अशा मण्याला "उन्हाने भाजलं" म्हणून सोडून देतात. भाजलेले मणी घडाच्या उन्हाकडच्या बाजूला असतात. सावलीतल्या बाजूचेही मणी तसे झाले असतील तर डाऊनीचा संशय घ्या.

रात्रभराची पिशवी

नुसत्या नजरेने खात्री होत नसेल तर ही तपासणी करा. खर्च जवळजवळ शून्य आणि उत्तर सकाळी हातात.

संशयित पान साध्या पाण्याने हलकं धुऊन आधीचा फवारा आणि जुनी लव काढून टाका. वरचं पाणी टिपून घ्या. झिपलॉकच्या पिशवीत ओला केलेला, पण पाणी न गळणारा टिश्यू पेपर ठेवा आणि त्यावर पान पालथं, म्हणजे खालची बाजू वर येईल असं ठेवा. पिशवीत थोडी हवा राहू द्या, तोंड बंद करा आणि रात्रभर घरात अंधाऱ्या जागी ठेवून द्या. फ्रिजमध्ये ठेवू नका, उजेडातही नको. डाऊनीची लव अंधारातच येते, त्यामुळे दिव्याखाली ठेवलेली पिशवी खोटं उत्तर देते.

सकाळी पिवळ्या डागाच्या जागी ताजी पांढरी लव उभी राहिली असेल तर ती डाऊनी, आणि ती जिवंत आहे. काहीच आलं नाही तर दोन शक्यता: डाग डाऊनीचा नाही, किंवा डाऊनीचाच आहे पण औषधाने मेला आहे. दुसरी शक्यता महत्त्वाची आहे. फवारणीनंतर चार-पाच दिवसांनी याच पद्धतीने जुन्या डागांची तपासणी केली तर औषध लागू पडलं की नाही हे शेजाऱ्याला विचारायची गरज राहत नाही.

भुरीसाठी ही पिशवी उपयोगाची नाही. तिला ओलावा रुचत नाही, आणि दुसऱ्या बुरशीच त्यावर माजतात.

चिकटपट्टी आणि सूक्ष्मदर्शक

भुरी आणि डाऊनी यांतला शेवटचा संशय इथे मिटतो. पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा पांढऱ्या थरावर हलका दाबा, काचपट्टीवर पाण्याचा थेंब घ्या आणि त्यावर पट्टी चिकटवा. लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू हा रंग मिळाला तर चित्र ठसठशीत दिसतं, नाही मिळाला तरी अडत नाही. आधी १०० पट, मग ४०० पट.

डाऊनी असेल तर झाडासारखी फांद्या फुटलेली उभी दांडी दिसते. फांद्या दांडीला जवळजवळ काटकोनात असतात आणि टोकांना लिंबाच्या आकाराच्या बारीक बीजाणूधानी (बीजाणूंच्या पिशव्या) लटकतात. पान वेगळं, महिना वेगळा, तालुका वेगळा, तरी हा काटकोन बदलत नाही. शास्त्रीय नाव प्लाझ्मोपारा व्हिटिकोला.

भुरी असेल तर फांद्या नसतातच. पानावर पसरलेल्या धाग्यांतून एक सरळ, न फुटलेली दांडी वर येते आणि तिच्यावर पिंपाच्या आकाराचे बीजाणू एकावर एक माळेत असतात. डाऊनीच्या बीजाणूधानीपेक्षा हे बीजाणू आकाराने बरेच मोठे, साधारण दुप्पट लांब. हिचं नाव एरिसिफे नेकाटर.

यापुढची एक गोष्ट वेळ काढून जरूर पाहा. पिशवीतली ताजी लव सुईने उचलून काचपट्टीवरच्या गार, स्वच्छ पाण्याच्या थेंबात सोडा. क्लोरीनचं नळाचं पाणी नको. तासा-दोन तासांत लिंबाच्या आकाराच्या त्या बीजाणूधानी एका टोकाला उघडतात आणि आतून बारीक चलबीजाणू बाहेर पडून थेंबात पोहायला लागतात. प्रत्येकाला दोन शेपट्या असतात. थोडा वेळ ते गरगरत धावतात, मग शेपट्या टाकून गोल होतात आणि त्यांना कोंब फुटतो. पानावर हेच घडतं, तेव्हा तो कोंब पर्णरंध्रातून आत शिरतो. द्राक्षाच्या पानाची पर्णरंध्रं खालच्या बाजूला असतात. पानाच्या वरून कितीही औषध चोपडलं आणि खालची बाजू कोरडी राहिली तर डाऊनी का थांबत नाही, याचं उत्तर त्या एका थेंबात दिसतं.

भुरीचा बीजाणू पोहत नाही आणि रंध्रही शोधत नाही. तो पानाच्या त्वचेलाच थेट भोक पाडतो, शोषकांग आत घालतो आणि बाकीचं शरीर वरच ठेवतो. म्हणून भुरी पुसता येते, आणि म्हणूनच गंधकाची वाफ तिला लागू पडते.

दोन वेगळी कुळं

भुरी ही खरी बुरशी. अळंबी, यीस्ट, पेनिसिलियम यांची ती नातलग, त्यांतल्या अ‍ॅस्कोमायसीट गटातली. तिच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं आणि पेशीच्या पडद्यासाठी ती अर्गोस्टेरॉल तयार करते.

डाऊनी दिसायला बुरशीसारखी, वागायला बुरशीसारखी, पण आजच्या वर्गीकरणात ती बुरशींच्या सृष्टीत मोडतच नाही. ती ऊमायसीट. तिचे जवळचे नातलग म्हणजे समुद्रातली तपकिरी शैवालं आणि डायॅटम. तिच्या भिंतीत मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकन असतं, आणि अर्गोस्टेरॉल ती बनवतच नाही. पोहणारे बीजाणू ही तिच्या पाणवठ्यातल्या पूर्वजांची खूण. बटाट्याचा उशिरा येणारा करपा, म्हणजे १८४५ पासून आयर्लंडमध्ये दुष्काळ आणणारा फायटोप्थोरा इन्फेस्टन्स, आणि हळद-आल्याच्या कंदकुजीतला पिथियम हे तिचेच भाऊबंद.

आता औषधाकडे या, म्हणजे हे वर्गीकरण पुस्तकी राहत नाही. हेक्झाकोनॅझोल, मायक्लोब्युटॅनिल, टेट्राकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल हे ट्रायझोल गटातले. ते अर्गोस्टेरॉल बनण्याची साखळी तोडतात. डाऊनीत ती साखळीच नाही, मग तोडणार काय? कार्बेन्डाझिमही ऊमायसीटवर चालत नाही. उलट मेटालॅक्सिल ऊमायसीटवरच काम करतं, भुरीला ते लागू पडत नाही. मँडिप्रोपॅमिड आणि डायमेथोमॉर्फ सेल्युलोजची भिंत उभी राहू देत नाहीत, म्हणून तीही डाऊनीची औषधं. गंधक भुरीचं. मॅन्कोझेब आणि ताम्रयुक्त औषधं डाऊनी रोखतात, पण ती आधी पानावर असायला हवीत. आत शिरलेला रोग ती काढत नाहीत. अझॉक्सिस्ट्रोबिनसारखी मोजकी औषधं दोन्ही कुळांवर चालतात, आणि नेमका त्यांचाच अतिवापर झाला आहे.

दोन रोग वेगळे आहेत हे युरोपातल्या द्राक्षवाल्यांना नुकसान सोसून कळलं. भुरी १८४५ साली इंग्लंडमध्ये एका काचघरात दिसली आणि काही वर्षांत फ्रान्सभर पसरली. गंधकाची धुरळणी करून तिला आवर घातला गेला. मग १८७८ च्या सुमारास अमेरिकेतून डाऊनी आली. तिच्यावर गंधकाने काही होईना. १८८५ मध्ये बोर्दो विद्यापीठातल्या पिएर मिलार्दे यांनी मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण प्रसिद्ध केलं, तेच आपलं बोर्डो मिश्रण. मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर हे १ टक्का बोर्डोचं प्रमाण आजही आपण वापरतो. दोन रोगांना दोन वेगळे उपाय लागतात हे तेव्हाच सिद्ध झालेलं आहे. ते आज बाटलीवरची घटकाची ओळ न वाचल्यामुळे विसरलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्याची किंमत पीक उभं करणारा माणूस मोजतो.

ठिपके असतील तर: करपा की बॅक्टेरिया

पावसाळ्यात, विशेषतः जून ते सप्टेंबरमध्ये कोवळ्या फुटीवर काळसर ठिपके दिसले की सगळ्यांना सरसकट करपा म्हणतात. यात निदान दोन वेगळे रोग दडलेले असतात.

खऱ्या करप्याचा ठिपका गोलसर असतो. मधला भाग राखाडी, कड गडद. जुना झाला की मधला भाग गळून पानाला भोक पडतं. कोवळ्या काडीवर खोलगट जखम होते आणि मण्यावर पक्ष्याच्या डोळ्यासारखा डाग येतो. एल्सिनोए अँपेलिना ही त्यामागची बुरशी, भुरीप्रमाणेच अ‍ॅस्कोमायसीट. आपल्याकडच्या नमुन्यांत कोलेटोट्रायकमही सापडतं.

बॅक्टेरियाचा ठिपका लहान, काळपट आणि कोनाकृती असतो, कारण बारीक शिरा त्याला अडवतात. भोवती बहुधा पिवळं वलय असतं आणि असे ठिपके शिरांच्या कडेने रांगेत दिसतात. हा झँथोमोनास. द्राक्षावरच्या या रोगाची पहिली नोंद १९७२ साली भारतातूनच झाली, आणि थॉमसन सीडलेस त्याला लवकर बळी पडते.

खात्री करायची तर ठिपक्याच्या कडेचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा स्वच्छ ब्लेडने कापा. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून वर काच झाका आणि १०० पटीवर लगेच कापलेली कड पाहा. बॅक्टेरिया असेल तर मिनिटा-दोन मिनिटांत कडेतून धुरासारखा ढगाळ लोट पाण्यात सुटताना दिसतो. बुरशी असेल तर असं काही सुटत नाही. टोमॅटोच्या मर रोगात खोडाचा तुकडा पाण्याच्या ग्लासात लोंबकळवून लोट पाहतात, ती युक्ती पानावरच्या बारीक ठिपक्याला पुरत नाही, इथे सूक्ष्मदर्शक लागतोच. लोट दिसला तर बुरशीनाशकांपैकी फक्त ताम्रयुक्त औषधांचाच विचार करा, बाकीची बाजूला ठेवा. आणि पान ओलं असताना बागेतली फुटवे काढण्याची, शेंडा मारण्याची कामं थांबवा, कारण हात आणि कात्री यांनीच तो वेलीवरून वेलीवर जातो.

तांबेऱ्याबद्दल फार लिहायला नको. पानाच्या खाली नारिंगी पूड, बोटाला रंग लागतो, झालं. तो तिसऱ्याच, बॅसिडिओमायसीट गटातला. दुरून पिवळं पडलेलं पान पाहून डाऊनी समजू नका, एवढंच.

ओळख बरोबर, तरीही रोग परततो

आता खऱ्या अवघड प्रकरणांकडे. रोग ओळखला, औषधही त्याच कुळाचं, तरी डाग वाढताहेत.

सगळ्यात आधी तारखा पाहा. डाऊनीची लागण झाल्यापासून डाग दिसायला अनुकूल हवेत चार-सात दिवस लागतात. पाऊस सोमवारी, फवारणी गुरुवारी आणि डाग रविवारी, असं असेल तर ते डाग सोमवारचे आहेत. आडोसा धरणाऱ्या मॅन्कोझेबसारख्या औषधाला त्यासाठी दोष देता येत नाही. हे औषध पावसाच्या आधी पानावर हवं होतं. नवे डाग पुढच्या आठवड्यातही येत राहिले तरच पुढचा विचार करा.

मग फवारा कुठे पोचतोय ते पाहा. पाण्याला संवेदनशील कागदाच्या पट्ट्या मिळतात. त्या पानाच्या खालच्या बाजूला आणि घडाजवळ टाचणीने लावून ट्रॅक्टर फिरवा. पट्टी कोरडीच परत आली तर नोझल, दाब, ट्रॅक्टरचा वेग आणि कॅनोपी या चौघांपैकी कोणीतरी कारण आहे. माझ्या मते कॅनोपीकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. फेलफुटी (नको असलेल्या बगलफुटी) वेळेवर काढल्या, घडाजवळची पानं मोकळी केली तर ओल लवकर सुकते, ऊन आत येतं आणि औषधही आत जातं. एका कामात डाऊनी आणि भुरी दोघींची सोय बिघडते.

यानंतर बुरशीतच औषधाविरुद्ध प्रतिकारशक्ती आल्याचा संशय घ्यावा. मेटालॅक्सिल १९७० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलं आणि १९८० च्या सुमारासच वेगवेगळ्या पिकांवरच्या ऊमायसीटमध्ये त्याला न जुमानणारे प्रकार सापडू लागले. अझॉक्सिस्ट्रोबिनच्या गटात जनुकातला एक बदल पुरतो, आणि डाऊनी व भुरी दोघींत तो जगभर आढळला आहे. यातली खोच अशी की एका औषधाला दाद न देणारी बुरशी त्याच गटातल्या दुसऱ्या औषधालाही बहुधा दाद देत नाही. ब्रँड बदलला म्हणजे औषध बदललं असं होत नाही. बाटलीवरचं घटकाचं नाव वाचा आणि त्याचा फ्रॅक गट क्रमांक (बुरशीनाशक कसं काम करतं त्यावरून दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) शोधा. ट्रायझोल सगळे गट ३, अझॉक्सिस्ट्रोबिन गट ११, मेटालॅक्सिल गट ४, डायमेथोमॉर्फ आणि मँडिप्रोपॅमिड दोघंही गट ४०. डायमेथोमॉर्फवरून मँडिप्रोपॅमिडवर गेलात तर प्रत्यक्षात जागेवरच आहात. एकाच गटाच्या सलग फवारण्या टाळा, आणि आंतरप्रवाही (पानाच्या आत शिरणाऱ्या) औषधासोबत गंधक, मॅन्कोझेब किंवा ताम्र यांपैकी त्या रोगाला चालणारं जोडीला असू द्या. गंधक ३५ अंशांच्या आसपासच्या उन्हात मारलं तर पान भाजतं, तेवढं सांभाळा. लेबल क्लेम (त्या पिकावर त्या रोगासाठी औषधाला असलेली मंजुरी), काढणीपूर्व कालावधी आणि निर्यातीच्या बागेत अवशेषांची मर्यादा तपासल्याशिवाय कोणताही बदल करू नका.

आणि एप्रिल छाटणीनंतरचा काळ. आपल्या बागेत वेल युरोपातल्यासारखी बर्फाखाली झोपत नाही, वर्षभर कुठे ना कुठे हिरवं पान असतं. पावसाळ्यात घड नसतो म्हणून दुर्लक्ष झालेल्या पानांवर डाऊनी राहते आणि तिथूनच ऑक्टोबरच्या नव्या फुटीवर येते. ज्या बागेत दर हंगामात पहिल्याच पोंग्यापासून (नुकत्या फुटलेल्या डोळ्यापासून) डाऊनी धरते, तिथे मी आधी ऑगस्ट-सप्टेंबरातली पानं पाहायला मागतो. ऑक्टोबर छाटणीत उतरवलेली रोगट पानं ओळीत कुजत ठेवण्यापेक्षा बाहेर काढून पुरलेली बरी.

जुन्या पुस्तकात किंवा तक्त्यात भुरीचं नाव अनसिन्युला नेकाटर किंवा ओइडियम टकेराय असं दिसलं तर गोंधळू नका, ती एरिसिफे नेकाटरच. एकाच बुरशीच्या लैंगिक आणि अलैंगिक अवस्थांना वेगळी नावं देण्याची जुनी पद्धत होती, ती २०१३ पासून बंद झाली. करप्याच्या बाबतीत स्फॅसिलोमा आणि एल्सिनोए ही जोडीही तशीच.

प्रयोगशाळेत पाठवायचं असेल तर

वरच्या तपासण्यांनी कोडं सुटलं नाही, किंवा काडी वाळणं, खोडातून मर असं काही असेल तर नमुना पाठवाच. द्राक्षासाठी पुण्याजवळ मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, जवळचं कृषी विज्ञान केंद्र आहे. बुरशीची प्रजातीपर्यंत ओळख हवी असेल तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे.

पानं कोरडी करून वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये सुटी सुटी ठेवा. ओली पानं प्लास्टिकमध्ये कोंबून पाठवली तर पोचेपर्यंत त्यांचा लगदा होतो आणि त्यावर फक्त सडवणाऱ्या बुरशी आणि बॅक्टेरिया सापडतात. मरीसाठी वाळलेली काडी नको. अर्धी हिरवी, अर्धी रोगट काडी आणि शक्य तर मुळं, मातीसकट. शनिवारी पाठवू नका, नमुना रविवारभर गाडीत तापतो. सोबतच्या चिठ्ठीत द्राक्षाची जात, छाटणीची तारीख, शेवटचा पाऊस आणि गेल्या तीन आठवड्यांतल्या फवारण्या लिहा, आणि फवारण्यांत ब्रँडच्या नावाऐवजी बाटलीवरचा घटक लिहा.